कोऱ्या ओळीची साक्ष

१

राजाभाऊ सोमणांचे शब्द चोरीला गेले आहेत, हे उमाताईंना त्यांच्या वर्षश्राद्धाची तयारी चालू असताना कळलं. घरातून भांडीकुंडी गेली तर माणूस शेजाऱ्यांना हाक मारतो, पोलिसांत जातो. गेलेल्या माणसाचे शब्द कोणी पळवले तर हाक कोणाला मारायची, हे काही त्यांना सुचेना. हातातली निवडायची डाळ तशीच ठेवून त्या पडवीतल्या बाकावर बसून राहिल्या.

बातमी आणली होती मुकुल वर्तकने. मुकुल हा राजाभाऊंचा पहिला विद्यार्थी, आणि आता भाट्याच्या खाडीकाठच्या छोट्या सागरी संशोधन संस्थेचा संचालक. राजाभाऊंनी आपली उभी हयात त्या संस्थेत काढली होती. खाडीतले मुळे, तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यांतले जीव हा त्यांचा विषय. सोमणांना मूलबाळ नव्हतं. सणावाराला घरात जादा पान मांडलं जायचं ते मुकुलचं, आणि राजाभाऊंना अग्नी दिला तोही त्यानेच.

त्याने काळ्या रेक्झिनच्या बांधणीतला एक जाडजूड ग्रंथ बाकावर ठेवला. पुठ्ठ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती: दाभोळच्या खाडीतल्या शिंपल्यांवर दीक्षा कासारेने लिहिलेला पीएचडीचा प्रबंध.

"काकू, लाल पेन्सिलीने खुणा केलेले सगळे उतारे सरांचे आहेत," मुकुल म्हणाला. "आणि सरांचं नाव एकाही उताऱ्याखाली नाही. मी सरांच्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन बसलो. ओळ न ओळ ताडून पाहिली."

दीक्षा मंडणगडकडची. राजाभाऊंची शेवटची विद्यार्थिनी. ते गेल्यावर तिची जबाबदारी मुकुलने घेतली होती, प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून त्याचंच नाव होतं.

"माझंही नाव मातीत जाणार आहे यात," तो म्हणाला. "पण सरांपुढे माझं काय?"

त्याने विद्यापीठाला लिहिलेली तक्रार पुढे केली. खाली वारस म्हणून उमाताईंची सही हवी होती. ती एकदा झाली की दीक्षाची हाती यायची पदवी गेली, आणि पदवी गेली की तिच्यावर मिळणारी कॉलेजातली नोकरीही गेली. चोरीचा शिक्का बसलेल्या पोरीला उद्या दारात कोण उभं करणार?

उमाताईंनी प्रबंध उघडला. एका लाल खुणेपाशी त्यांचे डोळे अडखळले. मजकूर इंग्रजीत होता, पण कानांत मात्र राजाभाऊंचं मराठीच वाजू लागलं. पुराचं गोडं पाणी खाडीत उतरतं तेव्हा मुळे मरतात असं आपण समजतो. ते मेलेले नसतात, खाली गेलेले असतात. खाडी पुन्हा खारी झाली की वर येतात. ते दवाखान्यात उशाला टेकून हेच बोलत होते. शेजारी दीक्षा बसली होती आणि उमाताई मोसंबं सोलत होत्या. बोलता बोलता त्यांना धाप लागली होती. त्या आठवणीसरशी उमाताईंना रडू कोसळलं, आणि मुकुलने धावत जाऊन पाणी आणलं.

डोळे पुसून त्यांनी पेन हातात घेतलं. मग टोपण परत लावलं. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली बाई ती. 'सिद्ध करा' म्हटल्यावर शेवटच्या पायरीपासून सुरुवात करणारी मुलं त्यांनी बाकावर उभी केली होती.

"श्राद्धापर्यंत थांब," त्या म्हणाल्या.

"आता काय राहिलंय सिद्ध व्हायचं, काकू?"

"त्या मुलीला मी अजून काही विचारलेलंच नाही."

मुकुलने वाकून नमस्कार केला, आणि प्रबंध तिथेच ठेवून गेला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच उमाताई रिक्षाने संस्थेत पोचल्या. फाटकाशी चहाची टपरी होती. तिथे संस्थेतले दोन कारकून उभे होते, आणि त्यांना बाई आलेल्या दिसल्या नाहीत.

"यांना सगळं आयतंच हवं असतं," एक म्हणत होता.

'यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायची गरजच नव्हती. बौद्धवाडीतून आलेली पोर एवढी पुढे गेली कशी, हा प्रश्न त्या माणसाला आधीपासूनच छळत असणार, आता त्याला उत्तर सापडलं होतं. उमाताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला. पण मनातून त्या शरमल्या, कारण काल पेन हातात घेताना आपणही फारसं काही विचारलं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं.

दीक्षा संगणकाच्या खोलीत एकटीच बसली होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"काकू, मी नाव दिलंय. प्रत्येक ठिकाणी दिलंय," ती म्हणाली. "तुमाला दाखवते ना. बघा तरी."

तिने संगणकावर प्रबंध उघडला. संस्थेतले सगळे प्रबंध लिक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर लिहिले जात. शीर्षक, परिच्छेद, तळटीप, ज्याचा त्याचा एक साचा. लिहिणाऱ्याने यादीतून साचा निवडायचा आणि लिहीत सुटायचं. अक्षर किती मोठं, समास किती, ते साचाच बघतो. या प्रबंधासाठी दोन खास साचे केलेले होते. एक 'जाईबाई' नावाचा, दाभोळला मुळे वेचणाऱ्या जाईबाईने सांगितलेल्या माहितीसाठी. आणि दुसऱ्याचं नाव होतं 'सर'.

"मी 'सर' निवडलं की झालं. खाली त्यांचं नाव आपसूक छापून येतं. मी चुकून विसरू नये म्हणून महेंद्रदादाने तशी सोय केलीय."

पडद्यावर राजाभाऊंचा प्रत्येक उतारा थोडा आत सरकलेला होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निळ्या अक्षरांत पाटी होती: सर. उमाताईंनी काळा ग्रंथ मांडीवर घेऊन तेच पान काढलं. उतारा होता, पण पाटी नव्हती आणि नावही नव्हतं. दोन पानं पुढे जाईबाईचं नाव मात्र स्वच्छ छापलेलं होतं.

"छापल्यावर तू बघितलं नाहीस?"

"तक्ते बघितले, नकाशे बघितले. शेवटची तारीख होती, वीज सारखी जात होती. शौनकने छापून दिलं, मी बाइंडरकडे पळाले आणि तशीच मुंबईची एसटी पकडली." तिने मान खाली घातली. "आपलं लिहिलेलं आपण कुठे नीट वाचतो काकू? पाठच असतं ना. पण गणपतीच्या आधी कच्ची प्रत काढली होती, तिच्यात नावं होती. या डोळ्यांनी बघितलीत मी."

"ती प्रत कुठाय?"

"वर्तक सरांना दिली तपासायला. परत नाही आली."

उमाताईंनी ते मनात ठेवलं. पडदा सांगत होता नाव आहे, कागद सांगत होता नाव नाही, आणि एका प्रबंधाची दोन तोंडं असली तर त्यातलं एक खोटं बोलतंय, एवढं त्यांना कळत होतं.

"पडद्यावरचं नाव कागदावर न्यायचं काम कोणाचं?"

"महेंद्रदादाच्या फायलीचं," दीक्षा हळूच म्हणाली.

३

महेंद्र सकपाळ संस्थेचे संगणक सांभाळायचा. त्याला बोलावल्यावर तो आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"नातं काढतील लोक," तो म्हणाला. "ती आमच्यातली, मी तिच्यातला. म्हणतील, दोघांनी मिळून केलं."

"लोक काय म्हणतील ते लोक बघतील. तू मला फक्त शिकव. मी मठ्ठ विद्यार्थिनी आहे असं समज."

त्याने मग खुर्ची ओढली. प्रत्येक प्रकारच्या दस्तऐवजामागे दोन फायली असतात, तो सांगू लागला. एक पडद्यासाठी: कोणता साचा कसा दिसेल, त्याच्यावर पाटी कोणती, रंग कोणता. दुसरी कागदासाठी: तोच साचा छापताना काय करायचं. "या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, काकू. मी मधे बसून त्यांची गाठ घालून देतो. पडद्यावर दिसतो तो अर्थ. कागदावर येतं ते रूप. एक बिघडलं तरी दुसरीला पत्ता लागत नाही."

"म्हणजे कागदाची फाईल बदलली, तर लिहिणाऱ्याला पडद्यावर सगळं ठीकच दिसणार?"

"अगदी ठीक."

उमाताईंनी प्रबंध पुन्हा उघडला. काल रडल्या होत्या म्हणून अक्षरांकडे बघत होत्या; आज त्या जागेकडे बघू लागल्या. राजाभाऊंचा एक उतारा संपला होता तिथे त्यांनी बोट आडवं ठेवलं. मग दुसऱ्या एका साध्या उताऱ्याखाली ठेवलं. साध्या उताऱ्याखाली बोट बसत नव्हतं. राजाभाऊंच्या उताऱ्याखाली मात्र छान बसत होतं. त्यांनी दुसरी खूण पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडे तेच.

"इथे एक ओळ कोरी आहे," त्या म्हणाल्या. "नाव काढून टाकलं असतं तर खालचा मजकूर वर सरकला असता. पुढे पानंच्या पानं सरकली असती आणि दीक्षाला अनुक्रमणिका बघूनच कळलं असतं. इथे काही सरकलेलं नाही, महेंद्र. नावाची जागा तशीच आहे."

महेंद्रचा चेहरा बदलला. विद्यापीठाला प्रबंधासोबत त्याच छापील पानांची सीडी द्यावी लागते, तिची जोडप्रत त्याच्या खणात होती. त्याने ती घातली आणि शोधायच्या चौकटीत 'सोमण' असं इंग्रजीत टाईप केलं. पान झर्रकन सरकलं आणि कोऱ्या जागेवर निळा पट्टा उमटला. पट्ट्याच्या आत पांढरी अक्षरं होती: आर. बी. सोमण.

दीक्षाच्या तोंडून हुंदका फुटला. उमाताईंनी पडद्यावरच्या त्या नावाला हात लावला. काच नुसती गार लागली.

महेंद्रने कागदाची फाईल उघडून त्यांना ती ओळ दाखवली. नाव छापायची आज्ञा जागेवरच होती. फक्त तिच्या आधी कोणीतरी रंगाची एक छोटी आज्ञा घुसवली होती: पांढरा.

"हे मी लिहिलेलं नाही. आईशप्पत नाही!"

"केव्हा लिहिलं ते कळेल?"

"नाही कळणार. या संगणकाची आतली बॅटरी गेलीय. वीज गेली की हा तारीखच विसरतो. फाईल बघा, काय म्हणतेय. सन ऐंशी!"

"या फायलीला हात कोण घालू शकतं?"

"पासवर्ड तिघांकडे. मी, शौनक," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि वर्तक सर."

४

शौनक खेर दीक्षाच्या आधी संस्थेत आला होता आणि त्याचा प्रबंध अजून अर्ध्यावरच रेंगाळत होता. दीक्षा पुढे गेल्याचं त्याला सुख नव्हतं, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. शेवटची छपाई केली तीही त्यानेच. पुरावा आपल्या पायांनी चालत येऊन त्याच्या दाराशी उभा राहिला होता, आणि उमाताईंना असा फार सोयीचा पुरावा आवडत नसे.

"हो, जळतो मी तिच्यावर," तो सरळच म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण छापायचं बटण दाबलं म्हणजे चोरी केली होत नाही."

"नाव पांढरं करता आलं असतं तुला?"

"न यायला काय झालं? मी काही महेंद्रच्या हाताखाली झोपा काढल्या नाहीत." मग त्याचं तोंड कडवट झालं. "काकू, राग मानू नका. मला करायचं असतं तर मी ती ओळच उडवली असती. पानं सरकली तर अनुक्रमणिका नव्याने काढायची, कितीसं काम आहे? तुमच्या यजमानांनी चार जणांत मला माठ म्हटलेलं आहे. त्यांचं नाव पुसताना माझा हात काही अडला नसता."

बोलणं उद्धट होतं. एरवी उमाताईंनी त्याची खरडपट्टी काढली असती. पण आज त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. पुसताना हात अडला नसता. मग ज्याने पुसलं नाही, नुसतं झाकलं, त्याचा हात कशाने अडला?

या प्रश्नाचं उत्तर त्यांना सुचलं होतं. ते त्यांना नको होतं.

५

घरी येऊन त्यांनी राजाभाऊंचं कपाट उघडलं. वर्षभरात पहिल्यांदाच. आत त्यांच्या खाडीच्या वह्या होत्या; राजाभाऊ आजारी पडले तेव्हा संस्थेने याच वह्यांच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या, आणि नंतर त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मुकुल म्हणाला होता, ओळ न ओळ ताडून पाहिली. उमाताईंनीही तेच करायचं ठरवलं. दुपारभर त्या पडवीत वह्या पसरून बसल्या. मांजर येऊन एका वहीवर निजलं, त्याला उठवायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

लाल खुणेचा पहिला उतारा वहीत सापडला. दुसराही सापडला. मुकुल खोटं बोलत नव्हता. एकेक जुळत गेला, तशी उमाताईंच्या मनावरची धोंड हलकी होत गेली. आपला संशयच पापी, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

मग ती खूण आली, दवाखान्यातल्या मुळ्यांची.

त्यांनी वही चाळली. पुराच्या पाण्यावर राजाभाऊंनी दर पावसाळ्यात लिहिलेलं होतं आणि दर वेळी एकच लिहिलेलं होतं: गोड्या पाण्याने मुळे मेले. मुळे मेले. पुन्हा मुळे मेले. शेवटच्या वहीतही तेच.

दवाखान्यात ते काय म्हणाले होते ते उमाताईंना आता पूर्ण आठवलं. "दीक्षा, मी इतकी वर्षं चुकीचं लिहीत आलो गो. ते मेलेले नसतात." मग धाप. मग मोसंब्याची फोड त्यांनी हातानेच दूर सारली होती, आधी वाक्य पुरं करायचं म्हणून.

ते वाक्य कुठल्याच वहीत नव्हतं. झेरॉक्समध्ये नव्हतं. वह्या तर त्याच्या उलट सांगत होत्या. ते बोलले तेव्हा खोलीत तिघंच होते, आणि त्यातलं एक माणूस आता नव्हतं.

उमाताईंनी वह्या आवरल्या, कपाट लावलं आणि मुकुलला फोन केला. "ये," एवढंच त्या म्हणाल्या. "सहीचं बघू."

६

तो आला तो आंब्याच्या वड्यांचा पुडा घेऊन. श्राद्धाच्या दिवशी सरांना आवडायच्या म्हणून. उमाताईंनी पुडा घेतला, आत ठेवला, आणि समोर बसल्या.

"या उताऱ्यावर तू खूण का केलीस, मुकुल?"

त्याने पान पाहिलं. "सरांचाच आहे हा."

"कशावरून?"

"वह्यांमध्ये..."

"वह्यांमध्ये मुळे मरतात. दर वर्षी मरतात. मी सगळं वाचून काढलंय." त्यांचा आवाज चढला नाही. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावं तशा त्या बोलत होत्या. "ही गोष्ट ते फक्त दीक्षाला बोलले. माझ्यासमोर. तू तेव्हा मुंबईला होतास. हा उतारा त्यांचा आहे असं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. दीक्षाच्या प्रबंधात, पडद्यावर निळ्या पाटीत आणि तुला दिलेल्या कच्च्या प्रतीत. ती पाटी तू वाचलीस. सगळ्या पाट्या वाचल्यास आणि कागदावर तिथे तिथे खुणा केल्यास. म्हणजे तिने नाव दिलंय हे तुला माहीत होतं. आणि तरी तू माझ्याकडे सही मागायला आलास."

अंगणात नारळाची झावळी पडली, तिच्या आवाजाने मुकुल दचकला.

"कच्ची प्रत कुठाय?"

"जाळली."

"आणि सीडीत नाव सापडेल हे तुझ्या ध्यानात आलं नाही?"

"सापडणार नाही असं वाटलं. कोण शोधतं तिथे?" मग त्याचा बांध फुटला. "काकू, सतरा-अठरा वर्षं मी त्यांच्या मागून चिखलात चाललो. त्यांच्या वह्या पाठीवर वाहिल्या. शेवटी शेवटी त्यांनी काय केलं? आयुष्यभराची चूक सापडली, ती मला नाही सांगितली. मला! काल आलेल्या पोरीला बोलावून सांगितली. तिचा प्रबंध तपासताना मला ते कळलं. पडद्यावर. परक्यासारखं."

उमाताईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"त्यांना वाक्य पुरं करायला श्वास पुरत नव्हता, मुकुल. समोर जे माणूस होतं त्याला त्यांनी सांगितलं. तू समोर असतास तर तुला सांगितलं असतं. एवढंच आहे ते. आणि एवढ्यासाठी तू तिला चोर ठरवलंस. लोकांना तिच्याबद्दल जे बोलायचंच होतं ते तू त्यांच्या तोंडात दिलंस."

तो मान खाली घालून रडत होता.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "ओळ उडवायची सोडून पांढरी का केलीस?"

"उडवायला गेलो होतो," तो म्हणाला. "कर्सर नेला. सरांचं नाव होतं ते, काकू. नाही झालं माझ्याच्याने."

उमाताईंनी तक्रारीचा कागद उचलून त्याच्या हातात दिला. "याच्यामागे लिही. काय केलंस ते सगळं. विद्यापीठाला तूच पाठवायचंस. आणि ती फाईल महेंद्रने नाही, तुझ्या हाताने दुरुस्त करायचीस. मी शेजारी बसणार आहे."

"मग श्राद्धाला..."

"श्राद्धाला ये," त्या म्हणाल्या. "पण पिंडाला बसू नको."

७

मुकुलने ती आज्ञा स्वतःच्या हाताने काढली. प्रिंटरमधून पानं एकेक करून बाहेर आली आणि प्रत्येक उताऱ्याखाली राजाभाऊंचं नाव काळ्या अक्षरांत उमटलेलं होतं. एकही ओळ सरकली नव्हती. जागा होतीच, माणूस परत येऊन बसला. त्याच आठवड्यात मुकुलचा राजीनामा गेला. तो मंडणगडच्या बाजूला कुठल्या शाळेत शिकवायला लागल्याचं पुढे कानावर आलं.

दीक्षाची तोंडी परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली, संस्थेच्याच सभागृहात. टपरीवरचे ते दोघे कारकूनही मागे उभे होते. पहिल्या रांगेत महेंद्र, त्याच्या मागे शौनक, आणि शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, उमाताई. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते आणि अंमळ करडे होते. त्यांनी मुळ्यांच्या उताऱ्यावर बोट ठेवलं.

"हे आजवरच्या सगळ्या नोंदींच्या विरुद्ध जातं. सोमणांच्या स्वतःच्या नोंदींच्याही. याला आधार काय?"

"गेला पावसाळाभर मी जाईबाईबरोबर खाडीत उतरून तपासलंय, सर. तक्ते पुढे दिलेत," दीक्षा म्हणाली. "पण मुळात हे सोमण सरांनी सांगितलं. तोंडी."

"तोंडी?" परीक्षकांनी चष्मा काढला. "ते तर आता नाहीत. त्यांनी असं म्हटल्याचं कोण सांगणार?"

मग शेवटच्या रांगेत खुर्ची वाजली, आणि उमाताई सोमण उभ्या राहिल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "मी तिथे मोसंबं सोलत होते."